फळ्यावरचा पाव

यंदा आमच्या गावच्या जत्रेत भाजीपावाच्या दुकानाचा फळा भर गर्दीत पुसला गेला. फळ्यावर खडूने लिहिले होते: पातळ भाजी-पाव, सुकी भाजी-पाव, मिरची, चहा. स्वयंसेवकांतला एक तरुण आला, ओल्या फडक्याने त्याने ‘पाव’ तेवढा पुसला आणि तिथे ‘रोटी’ लिहिले. देवळाच्या आवारात फिरंग्यांचा शब्द नको, एवढेच त्याचे म्हणणे. दुकानदार गप्प राहिला, कारण दुकानाला जागा समितीच देते. बाकावर बसलेले एक निवृत्त मास्तर मात्र उठले. ‘‘बाब, तुला कोणी सांगितले तो फिरंग्यांचा म्हणून? पीठ पायांनी मळतात म्हणून पाव. अस्सल आपला शब्द.’’ तिसऱ्याने आणखी एक व्युत्पत्ती पुढे सरकवली: लादीचा चौथा हिस्सा तो पाव, पावशेरातला पाव. पुढे अर्धा तास हे चालले. माझ्या वाटीतल्या अळसांद्यांच्या भाजीवरचा तवंग थिजला, तरी निकाल लागला नाही.

लागणारही नव्हता, कारण दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या पायावर उभे होते. फळा पुसणाऱ्याला वाटते, मूळ परके निघाले म्हणजे शब्द गेला. मास्तरांनाही तेच वाटते. म्हणून तर शब्द वाचवायला त्यांना घरचे मूळ शोधून काढावे लागते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पाव हा शब्द पोर्तुगीज आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. आणि तो फळ्यावर राहिला पाहिजे, देवळाच्या आवारातल्या फळ्यावरसुद्धा, यातही नाही.

आधी मास्तरांचे बघू, कारण ते माझ्या बाजूचे आहेत आणि आपल्या बाजूच्या माणसाचा चुकीचा युक्तिवाद जास्त महाग पडतो. मराठीत ‘पाव’ नावाचे निदान तीन वेगळे शब्द एका उच्चारात येऊन राहिले आहेत. एक चतुर्थांशाचा, संस्कृत ‘पाद’मधून आलेला. पावशेर त्याचा, चार आण्यांची पावली त्याची, पाऊणही त्याच घरातला. माझी आजी पोर्तुगीज अमलातल्या खासगी मराठी शाळेत पावकी-निमकी घोकलेली. नव्वदीतही तिला पावकी तोंडपाठ होती. (संध्याकाळी ‘पावशेर टाकून’ घरी येणारा माणूसही याच पावाचा ऋणी.) दुसरा पाव क्रियापदातला, ‘प्राप्’ धातूचा: देव नवसाला पावतो, पैसे पावले की पावती मिळते. तिसरा भट्टीतला. त्याचा बाप पोर्तुगीज ‘पांव’, आजोबा लॅटिन ‘पानिस’. तिघांची नाती जोडायची तर कल्पनेची कसरत करावी लागते.

आता पायांचे. मोठ्या भट्ट्यांमधून पीठ पायांनी तुडवीत नसत, असे मी म्हणत नाही; हातांनी आवरणार नाही एवढा गोळा असला की तुडवीत. पण मराठीत पायाला पाव कोण म्हणतो? आपण पाय म्हणतो, पाऊल म्हणतो. ‘पाँव’ हिंदीत. म्हणजे मास्तरांची व्युत्पत्ती खरी मानायची तर गोव्यातल्या पोदेराने, म्हणजे पाव भाजणाऱ्या-विकणाऱ्याने, पीठ तुडवताना नाव शोधायला उत्तर हिंदुस्थानात माणूस धाडला होता असे धरावे लागेल. मौज अशी की बंगालीत पावाला ‘पाउरुटी’ म्हणतात आणि तिथेही ‘पायांनी मळतात म्हणून’ हीच कथा चालते. सिंहलीत तो ‘पान्’ आहे. जपानीत ‘पान’ आहे, आणि १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यानंतरच तो तिथे गेला. तिथे कोणाचे पाय दाखवणार? गोवा, कोलंबो, जपान: जिथे जिथे पोर्तुगीज जहाजे गेली, तिथे तिथे हा शब्द किनाऱ्यावर उतरलेला दिसतो. चौथ्या हिश्श्याचीही तीच गत. आमच्या पोदेराच्या पाटीत लादीशिवायचे किती प्रकार असतात! जो कधी कशाचा चतुर्थांश नव्हता त्या सुट्या गोल उंड्यालाही माणसे सरसकट पावच म्हणतात.

त्या पाटीपाशी थोडे थांबतो. सकाळी सहाच्या सुमाराला वळणावर सायकलचा भोंगा वाजतो, पों पों. मागच्या बाजूला बांबूची भली मोठी पाटी, तिच्यावर निळे प्लास्टिक, त्याखाली गोणपाट. गोणपाट बाजूला केले की वाफेबरोबर कोंड्याचा वास येतो. उंडो वरून कडक, आत मऊ. पोय चपटी, पोकळ, कोंडा भुरभुरलेली. कांकण बांगडीसारखे गोल आणि कडक, चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद न देणारे. कातरीने कापून आकार दिलेला कातरे पाव. आता नावे बघा. उंडो म्हणजे कणकेचा उंडा, मराठीतही तोच. कांकण म्हणजे कंकण. कातरे म्हणजे कातर. विकणारा पोदेर मात्र पोर्तुगीज ‘पादेरु’मधला. एकाच पाटीत, एकाच गोणपाटाखाली परकी आणि घरची नावे रोज सकाळी एकमेकांना ऊब देत येतात. पदार्थसुद्धा तसाच. पाव भाजण्याची विद्या पाद्र्यांनी सासष्टीतल्या माजोर्डा गावी शिकवली असे परंपरेने सांगतात; पण पीठ फुगवायला त्यांच्याकडचे आंबवण इथे मिळेना, तेव्हा माडाची सूर, म्हणजे माडी, कामी आली. नाव लिस्बनचे, फुगवणारी सूर ती काढणाऱ्या आमच्या रेंदेराची. ‘रेंदेर’ हाही शब्द त्यांचाच, तो मुद्दा बाजूला ठेवू.

बाजूला अशासाठी की अशा वादात पहिले उत्तर नेहमी एका यादीचे असते. मग काय बटाटा सोडणार? साबण, चावी, बादली, घमेले, पगार, लिलाव हेही सगळे सोडणार का? गोव्यात यादी आणखी लांबते: जनेल (खिडकी), कुलेर (चमचा), कोप (पेला). ही यादी मीही एके काळी तोंडावर फेकत असे. आता वाटते, तो आळस आहे. फळा पुसणाऱ्या तरुणाला बटाट्याचे काही वाटत नाही आणि पावाचे वाटते, याला कारण आहे, आणि ते कारण खोटे नाही. बटाटा टाकून विहीर बाटली, अशी गोष्ट कोणी कधी सांगितली नाही.

पावाची ती गोष्ट मात्र गोव्यात आणि पार वसईपर्यंत हिंदू घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने पाणी प्यायले, आणि गाव बाटला. आणि गोष्ट बाजूला ठेवली तरी कागद आहेत. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला. १५६०मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले आणि १८१२पर्यंत, मधल्या थोड्या खंडाखेरीज, टिकले. बार्देस-सासष्टीतली देवळे पाडली गेली. अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आज दिसणारी कितीतरी दैवते तिथून नदीपार आणलेली आहेत. १७३६च्या फर्मानात तर इन्क्विझिशन थेट चुलीपर्यंत पोचले: अंगणात तुळस लावू नये, आणि हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवू नये, असे बाटलेल्यांना बजावले गेले. भातात मीठ आहे की नाही यावरून ज्या राज्यात माणसाचा धर्म तपासला जाई, त्या राज्याने आणलेल्या पावाकडे संशयाने बघू नका, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. माझ्या आजीच्या घरात पाव देवघराच्या बाजूला फिरकत नसे. तो मागच्या पडवीत खायचा, चूळ भरायची, मग आत यायचे. फक्त आजाऱ्याला सूट होती. ताप आला की वैद्यच सांगे, चहा-पाव द्या. आम्हां भावंडांना ताप फार येई.

तेव्हा जखम खरी आहे हे मान्य. पण त्या विहिरीपाशी पुन्हा एकदा उभे राहू या. पाव टाकला त्यांनी. गाव बाटला असे ठरवले कोणी? पाण्यात पडलेल्या तुकड्याने माणूस ख्रिस्ती होत नाही; ख्रिस्ती धर्माचीसुद्धा तशी समजूत नाही, तिथे बाप्तिस्मा लागतो. भिजल्या पावाने माणूस कायमचा बाद होतो हा नियम आपला होता. त्यांनी कुलूप लावले असेल, पण बाहेरून कडी आपण घातली. काल एका पंक्तीला जेवलेल्या माणसाला आज परत घ्यायचे नाही, हे ज्यांनी ठरवले ते लिस्बनहून आलेले नव्हते.

आणि हे काही सोळाव्या शतकापुरते नव्हते. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंगांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा स्थापली. जातिभेद मोडायचा, पण गुप्तपणे. सभासद होणाऱ्याची परीक्षा काय? ख्रिस्त्याने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खाऊन दाखवायचा. शिकलेसवरलेले तरुण मराठी गृहस्थ, दारे लावून, पावाचा एक तुकडा तोंडात घालतात आणि त्याला क्रांती समजतात. आणि ती खरोखरच क्रांती होती, कारण सभासदांची नावे फुटल्यावर सभाच मोडली. पुढे १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसत्या चहा-बिस्किटांवरून केवढे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचे प्रकरण, झाले! रानडे, टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली. ज्या शब्दात इन्क्विझिशन आहे आणि आपले ग्रामण्यही आहे, ज्यात बाटवणारा आहे आणि वाळीत टाकणाराही, तो फडक्याने पुसला तर नेमके काय पुसले जाते? अपमानाची आठवण पुसावी म्हणून आपण फडके उचलतो, आणि अपमान करणाऱ्याविरुद्धचा पुरावाच धुऊन काढतो. जाता जाता आपला स्वतःचा वाटाही त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. तो जावा अशीच कोणाची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला अधिक वजनदार वाटतो. परके शब्द घालवणे हे नेहमीच कोतेपणाचे नसते. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणून, आणि त्यामागे राज्य आपले झाले तर त्याची भाषाही आपली असावी हा स्वच्छ विचार होता. सावरकरांच्या भाषाशुद्धीची कितीही टिंगल करा, ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आपण रोज वापरतो. मग ‘पाव’ला पर्याय शोधला तर बिघडले कुठे?

बिघडले नाही. शोधा. पण महाराजांच्या त्याच प्रयत्नात पुढे काय घडले तेही बघा. पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, मुजुमदाराचा ‘अमात्य’, सुरनिसाचा ‘सचिव’. अमात्य-सचिव टिकले. आणि मुख्य प्रधान? शिक्क्यांवर ‘प्रधान’ राहिला, लोकांच्या तोंडी मात्र पेशवाच बसला, इतका की आज पेशवाई हा शब्द उच्चारताना तो फारसी आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. शब्द बदलण्याचा हुकूम दरबारात चालतो, कचेरीत चालतो, कारण तिथे लिहिणारा पगारी असतो. तिंट्यावर, बाजारात, शब्द टिकवणे-टाकणे गिऱ्हाइकाच्या हाती. आणि पर्याय तरी काय दिला? ‘रोटी’! मराठी माणसाच्या जत्रेत कोकणी पोदेराच्या पावाला हिंदी नाव. उंडो हा घरचा शब्द पाटीत बसला होता, तो त्या तरुणाला सुचलाही नाही, कारण घरचे काय आहे हा प्रश्नच त्याने विचारला नव्हता. परके काय एवढेच त्याला पुसायचे होते.

हुकुमाचीच गोष्ट निघाली तर या मातीत याआधी एक हुकूम निघून गेला आहे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मावले, इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. कोकणी गेली नाही. ज्यांच्या हाती तुरुंग होता त्यांना जे साधले नाही, ते ओल्या फडक्याने साधेल? आणि साधले तरी आपण त्या हुकूम काढणाऱ्याच्या रांगेत उभे राहू. मला तिथे उभे राहायचे नाही, मग माझा शब्दकोश कितीही शुद्ध होवो.

एका ठिकाणी मात्र मी फळा पुसणाऱ्याच्या बाजूचा आहे, आणि ते ठिकाण मुंबईत आहे. पोट भरायला गोव्यातली माणसे एकोणिसाव्या शतकापासून मुंबईला गेली: आचारी, वाजंत्री, खलाशी, भट्टीवाले. धोबीतलावच्या कुडांत गावागावांचे बिऱ्हाड असे. ट्रंक भिंतीला, चटई जमिनीवर. या माणसांना मुंबईने नाव ठेवले ‘मकापाव’. म्हाका म्हणजे मला; ‘म्हाका पाव’, मला पाव दे. भुकेल्याची भाषा आणि भुकेल्याचे अन्न एकत्र बांधून केलेली शिवी. पुढे आखूड होऊन ती नुसती ‘पाव’ झाली. ‘‘तो पाव आहे’’ असे कोणी म्हणाले तर व्युत्पत्तीचे प्रवचन देऊन ती बोच कमी होत नाही. लॅटिनपर्यंत मूळ नेऊन दाखवले तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ते ‘पानिस’ लागत नाही, हिणवणे लागते. आपण मराठी बोलणारे गोमंतकीय इथे ‘घांटी’ ऐकतो, तेव्हा घाट हा किती रमणीय भूप्रदेश आहे याचा विचार करतो का?

म्हणून रेघ ओढायचीच असेल तर ती इथे ओढावी. ‘‘दोन पाव दे’’ आणि ‘‘ए पाव’’ यांत मूळ एकच आहे, अक्षरेही तीच. फरक आहे तो बोट कोणाकडे आहे याचा. पाटीकडे असेल तर काही बिघडत नाही. माणसाकडे वळले की ते तिथल्या तिथे खाली करायला लावावे. हे फळा पुसण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण यात खडूऐवजी शेजाऱ्याशी गाठ असते.

आणि देवाणघेवाण एकतर्फी होती असेही समजू नका. आपली कांजी पश्चिम किनाऱ्यावरून पोर्तुगीज जहाजांत चढली आणि तिकडे ‘कांझा’ झाली. आज पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये आजाऱ्याला, बाळंतिणीला, दमलेल्याला कोंबडीची कांझा देतात. तो त्यांचा अगदी घरगुती पदार्थ आहे. एवढेच काय, काम सोपे असले की ते म्हणतात, ‘ही तर कांझा आहे’, आपण ‘डाव्या हातचा मळ’ म्हणतो तसे. म्हणजे आमच्या पेजेच्या चुलत भावाने तिथे म्हणीपर्यंत मजल मारली. आजारपणात त्यांनी आमची कांजी प्यायली आणि माझ्या आजीने आम्हांला त्यांचा पाव दिला. तापलेल्या अंगाला कोणाचे मूळ कुठले हे विचारायची शुद्ध नसते, हे एक बरे आहे.

खरे तर पोदेराची काळजी करायची तर फळ्याकडे कशाला बघायचे? सूर काढणारे रेंदेर कमी झाले; बहुतेक भट्ट्यांत आता यीस्ट पडते आणि सुरेचा तो किंचित आंबूस वास राहिलेला नाही. लाकूड महागले. पोदेरांची पुढची पिढी दुसऱ्या धंद्यांत किंवा परदेशी गेली, भट्ट्या चालवायला दिल्या गेल्या. आमच्याकडे येणारा सायकलवाला घरी कन्नड बोलतो. भोंगा तोच, पाटी तीच, आणि दारात उभा राहून तोही ‘पाव’च म्हणतो. तो यायचा बंद झाला तर शुद्ध शब्द घेऊन आम्ही काय चहात बुडवणार आहोत?

त्या रात्री नाटकाच्या मध्यंतरात मी पुन्हा दुकानाकडे गेलो. मंडपातली अर्धी माणसे तिथेच लोटली होती. दुकानदार आणखी माल आणायला गेला होता, म्हणून समितीने गल्ल्यावर त्याच तरुणाला बसवले होते. जो तो येऊन विचारत होता, ‘‘पाव आसात?’’ मान हलवून हलवून तो थकला असावा. मी पोचलो तेव्हा फळ्यावर ‘भाजी-रोटी’ तशीच होती, आणि तिच्याखाली, त्याच हस्ताक्षरात, मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘पाव संपले’.